फँटसी बेसबॉल: दुखापतींच्या बातम्या कशा वाचाव्यात

खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळवण्याच्या या खेळात आपले मनापासून स्वागत. पहिल्या हंगामात सगळी आकडेवारी पाठ करण्याची गरज नाही; दुखापतग्रस्तांची यादी (इंज्युर्ड लिस्ट, म्हणजेच आयएल) नीट वाचता आली, तरी आपण अनेकांच्या पुढे असाल.

मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, ही यादी फलंदाजांसाठी १० आणि पिचरसाठी (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूसाठी) १५ दिवसांची असते. मात्र ही किमान मुदत आहे, परतण्याची तारीख नव्हे, आणि नवखे मॅनेजर हमखास इथेच फसतात. नोंद तीन दिवसांपर्यंत मागील तारखेने होऊ शकते, त्यामुळे दिवस त्या तारखेपासून मोजावेत. खेळाडू ६० दिवसांच्या यादीत गेला म्हणजे दुखापत बळावलीच असे नाही. अनेकदा संघाला आपल्या ४० जणांच्या मुख्य खेळाडू-यादीत जागा मोकळी करायची असते.

सुरुवातीला एवढे सांभाळा:

- पिचरच्या कोपराची तक्रार कधीही किरकोळ समजू नका. २०२४ मध्ये पिचर स्पेन्सर स्ट्रायडर अवघ्या दोन सामन्यांनंतर कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे हंगामाबाहेर गेला. अशा वेळी एमआरआयचा निष्कर्ष येईपर्यंत बदली पिचर हेरून ठेवावा.
- चांगल्या खेळाडूला घाईने सोडू नका. आपल्या फँटसी लीगमध्ये आयएलची (दुखापतग्रस्तांसाठी राखीव) जागा असेल, तर त्याला तिथे हलवून मोकळ्या जागी दुसरा घ्या.
- भारतातून खेळत असाल, तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सायंकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात. तेव्हा झोपण्यापूर्वी संघ एकदा अवश्य तपासा.

वेव्हरच्या (इतरांनी सोडलेले खेळाडू घेण्याच्या) बोलींचे बारकावे महिनाभर खेळल्यावर विचारा, सविस्तर सांगेन.