आईला पहिल्यांदाच परळच्या टाटा हॉस्पिटलला नेतोय. धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई, पण पुढे लोकलनं कसं जायचं? गर्दीची भीती वाटते.

भाऊ, मी दारव्ह्याकडचा. वडिलांना घेऊन टाटाच्या बऱ्याच वाऱ्या झाल्या, म्हणून सांगतो: पेशंट सोबत असताना लोकलच्या भानगडीत पडूच नका.

विदर्भ सकाळी लवकर दादरला थांबते. तिथंच उतरा. पुलावर चढलं की लोंढा पश्चिमेकडे ओढतो, तिकडे फुलबाजार आहे. तुम्हाला पूर्वेला जायचंय. बाहेर काळी-पिवळी टॅक्सी मिळेल. ऑटो शोधू नका, माहीम आणि शीवच्या पुढे दक्षिणेला ऑटो चालतच नाहीत. हे ठाऊक नसल्यानं मी बाबांना बॅगेवर बसवून पंधरा मिनिटं ऑटो शोधत होतो, लोक माझ्याकडे पाहून हसत असतील. टॅक्सीचं मीटर ३१ रुपयांपासून लागतं, पहिल्या दीड किलोमीटरचे. हॉस्पिटल तीनेक किलोमीटरवर आहे. कोणी उक्ते दोनशे-तीनशे सांगितले तर सरळ दुसरी टॅक्सी पाहा.

राहायचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण खरा खर्च तिथंच होतो. दादर पूर्वेला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटची आणि सोबतच्या माणसांची सोय होते. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, त्यांच्या नावाची धर्मशाळा थेट मुंबईत. जागा कशी मिळते ते हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी विचारून घ्या. उपचार सुरू झाले तर रेल्वे सवलतीचा फॉर्मही मागा. स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटचं भाडं माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते.

आता लोकल. आई हॉस्पिटलात आणि तुम्ही एकटे धावपळीत, तेव्हा ती लागेलच. दादर ते परळ एकच स्टेशन, तिकीट ५ रुपये. तरी मी चुकलो. रिपोर्ट आणायला निघालो होतो, समोर गाडी आली, चढलो. परळची पाटी खिडकीतून सर्रकन मागे गेली, मग करी रोड गेलं, चिंचपोकळी गेलं. शेजारचा माणूस शांतपणे म्हणाला, "काका, फास्ट आहे, आता भायखळा." तिथं उतरून स्लो गाडीनं उलटा आलो. त्या दिवसापासून आधी फलाटावरचा इंडिकेटर वाचतो. इंग्रजी एस दिसला तर स्लो, एफ दिसला तर फास्ट. परळला स्लोच पाहिजे.

लोकल अर्धा मिनिटही थांबत नाही. आपली हळू चालणारी शकुंतला रेल्वे होती तेव्हा चुकलेला माणूस शेतातून पळत येऊन चढायचा, ती सवय इथं विसरा. आधी उतरणाऱ्यांना वाट द्या, दारात उभे राहू नका, आणि चढल्याबरोबर विचारा, "परळ कोणत्या बाजूला येईल?" मुंबईचा माणूस वर न पाहता उत्तर देतो, पण बरोबर देतो. सकाळी आठ ते अकरा सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ कल्याणकडे जाणाऱ्या गाड्या टाळा. बाजूला लाल-पिवळे तिरपे पट्टे दिसले तर तो फर्स्ट क्लासचा डबा, साध्या तिकिटावर चढलात की दंड. आईला कधी न्यावंच लागलं तर दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, फाइल हाताशी ठेवा.

परतीचं तिकीट मात्र दादरचं काढू नका, सीएसएमटीचं काढा. विदर्भ तिथूनच सुटते. संध्याकाळी दादरच्या गर्दीत आईला चढवण्यापेक्षा टॅक्सीचे शे-दीडशे जास्त गेलेले परवडतात.