तो बघत नाही, पण टीव्ही चालू असतो

प्रिय ताई,

माझं वय ६४. मुलगा-सून दोघंही नोकरीला जातात आणि १४ महिन्यांचा नातू सकाळी साडेआठपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत माझ्याजवळ असतो. हे गेल्यापासून मला घरात टीव्ही लागतो. बंद केला की घर खायला उठतं. नातू खाली खेळत असतो, पडद्याकडे टक लावून काही बसत नाही. भरवताना मात्र गाण्यांची कार्टून लावावी लागतात, नाहीतर तोंडच उघडत नाही. गेल्या आठवड्यात सून लवकर आली. काही न बोलता तिने टीव्ही बंद केला आणि बाळाला उचलून आत गेली. रात्री मुलगा म्हणाला, ‘आई, टीव्ही नको लावत जाऊस.’ दुसऱ्या दिवशी सुनेने मोबाइलवर मेसेज पाठवला, टीव्हीमुळे मुलांना ऑटिझम (स्वमग्नता) होतो म्हणून. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मी दोन मुलं वाढवली, ती काय बिघडली? घरात टीव्ही आला तेव्हा धाकटी शाळेत जायला लागली होती, तीही बघायचीच. मुलगा स्वतः संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन फोन बघत बसतो, ते चालतं. माझी लेक परदेशात असते. तिच्याशी बाळाचं रोज व्हिडिओ कॉलवर बोलणं होतं, तेही बंद करू का? परवा नातवाने येऊन माझा चष्मा ओढला आणि काहीतरी म्हणाला. मालिका चालू होती, मला ऐकूच आलं नाही. तेव्हापासून मनाला लागलंय. खरं सांगा, मी त्याचं नुकसान करतेय का?

— एक आजी


आजी,

आधी त्या मेसेजचं बोलते, कारण त्याने तुमची झोप उडवली आहे. टीव्ही बघितल्यामुळे ऑटिझम होतो, हे सिद्ध झालेलं नाही. मुलाची जडणघडण आईच्या पोटात असतानाच ज्या कारणांनी घडत असते, त्यांचा ऑटिझममध्ये मोठा वाटा असतो. तुमचा नातू तुमच्याकडे येतो, चष्मा ओढतो, तुम्हाला काहीतरी सांगतो. हे चांगलं लक्षण आहे. हाक मारली की वळून बघतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवायला लागला आहे का, एवढं मात्र येत्या काही महिन्यांत बघत राहा. दीड वर्षाचा होऊनही बोट दाखवत नसेल किंवा एकही शब्द नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. टीव्ही असलेल्या घरातही आणि नसलेल्या घरातही.

आता तुमचा प्रश्न. टीव्ही दिवसभर चालू राहू नये, हे सुनेचं म्हणणं बरोबर आहे. तिची पद्धत चुकली, त्याबद्दलही लिहिते. पण सून म्हणते म्हणून टीव्ही बंद केलात तर तो चार दिवसांनी पुन्हा सुरू होईल आणि मनातली अढी तेवढी राहील. कारण पटलं, तर तुम्ही स्वतःच रिमोट हातात घ्याल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला आणि वर्ष ते दोन वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये. दोन वर्षांनंतर दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी झाला तर उत्तम. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही नको, असं १९९९ मध्येच सांगितलं होतं. २०१६ मध्ये तिने दीड वर्षापर्यंत व्हिडिओ कॉल सोडून काहीच नको, असं मत दिलं. शिवाय कोणी बघत नसेल तेव्हा टीव्ही बंद ठेवा, असंही पालकांना सांगितलं.

हे शेवटचं तुमच्यासाठी आहे. ‘तो काही बघत नाही’ हे तुमचं म्हणणं मला खरं वाटतं. मालिकेतलं भांडण १४ महिन्यांच्या बाळाला काय कळणार? पण याचाच अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एक, दोन आणि तीन वर्षांच्या ५० मुलांना खेळणी देऊन तासभर खेळू दिलं. त्यातला अर्धा तास बाजूला मोठ्यांचा एक प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम लावून ठेवला. मुलं त्याकडे फार वेळ बघतच नव्हती. मान वर, दोन-चार सेकंद पडद्याकडे, की परत खेळण्याकडे. तरीही टीव्ही चालू असताना त्यांचं खेळणं तुटक झालं. एकाच खेळण्यात रमून जाण्याचा वेळ घटला.

तुमच्या डोळ्यांसमोरचंच उदाहरण घ्या. नातू डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न करतो. एकदा वाकडं बसतं, दुसऱ्यांदा निसटतं, तिसऱ्यांदा तो झाकण फिरवून बघतो. त्या तिसऱ्या वेळेआधी पडद्यावर कोणी किंचाळलं किंवा जाहिरातीचा आवाज एकदम चढला, तर मान वर जाते आणि झाकण हातातून सुटतं. पुन्हा झाकणाकडे येईल तेव्हा त्याला सुरुवातीपासून यावं लागतं. असं दिवसातून किती वेळा होत असेल, हे मोजणारं कोणी नाही. लहान मुलाचं लक्ष टिकत नाही अशी आपण तक्रार करतो. ते टिकवण्याचा सराव तो या झाकणावरच करत असतो.

दुसरी गोष्ट तुमच्या आवाजाची. २००९ मध्ये एका अभ्यासात दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या ३०० हून अधिक मुलांच्या अंगरख्यात छोटी रेकॉर्डिंगची यंत्रं ठेवली होती. घरात टीव्हीचा आवाज जितके तास जास्त, तितकं घरातल्या मोठ्या माणसांचं बोलणं मुलाच्या कानावर कमी पडत होतं. दर तासामागे साधारण ७७० शब्द कमी. मोठी माणसं मुलाला मुद्दाम टाळत होती असं नाही. समोर कोणी बोलत असलं की आपण आपसूक गप्प होतो, एवढंच. तुमचा चष्मा ओढला गेला त्या दिवशी हेच झालं. तो बोलला, तुम्हाला ऐकू आलं नाही, आणि त्याचं बोलणं तिथेच थांबलं. ते तुमच्या मनाला लागलं, म्हणजे बाळाला काय हवंय हे तुम्हाला आधीच कळलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, टीव्हीवरही माणसं बोलतातच की, शब्द तर कानावर पडतात. इथेच खरी गंमत आहे, आणि मला स्वतःला हे वाचून फार नवल वाटलं होतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना १२ वेळा चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून खेळत, बोलत होती. काहींना तीच माणसं पडद्यावर दिसत होती. समोर माणूस बसलेल्या बाळांना चिनी भाषेतले बारीक ध्वनी ओळखता यायला लागले. पडद्यासमोरची बाळं काहीच शिकली नाहीत.

थोडी मोठी मुलंही अशीच अडतात. दोन वर्षांच्या मुलांना शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं, तर त्या खोलीत गेल्यावर बहुतेकांना ते सापडत नाही. तेच लपवणं खिडकीतून बघू दिलं, तर थेट जाऊन काढतात. पडद्यावरची खोली आणि ही खोली एकच आहे, हे उमगायला त्यांना आणखी काही महिने लागतात. अडीच वर्षांच्या मुलांना मात्र बऱ्यापैकी जमतं. तेव्हा गाण्यांच्या कार्टूनमधून तो शब्द शिकेल अशी आशा धरून ती लावत असाल, तर सोडून द्या. २०१० मध्ये एक ते दीड वर्षाच्या मुलांना शब्द शिकवणारा व्हिडिओ महिनाभर दाखवून बघितला. तो न बघितलेल्या मुलांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. सगळ्यांत जास्त शब्द आले ते आई-वडिलांनी बोलता बोलता शिकवलेल्या मुलांना.

म्हणून सांगते, त्या घरात बाळाला शिकवू शकणारी वस्तू दिवसभर एकच आहे, आणि ती तुम्ही आहात.

तुमची मुलं बिघडली नाहीत, हे मान्य. पण टीव्ही आला तेव्हा धाकटी शाळेत जात होती, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे दोन्ही मुलांची पहिली वर्षं तुमच्या आवाजात गेली. नातवाला तेवढंच द्या, दुसरं काही नवीन करायचं नाही.

‘दिवसभर त्याच्याशी बोलू तरी काय?’ असं वाटेल. खास काही नको. चादर घडी करताय तर सांगा, चादर घडी करते, हे तुझं टोक, हे माझं. तो ‘ब्बा’ म्हणाला तर तुम्हीही ‘ब्बा’ म्हणा आणि थांबा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, आपण मोठी माणसं फार घाई करतो. खाली बसवत नसेल तर खुर्चीतून बोला. आणि प्रत्येक क्षण त्याला रमवलंच पाहिजे असं अजिबात नाही. तो झाकणाशी झटत असेल तेव्हा गप्प बसून बघत राहिलात, तर तेही पुरेसं आहे.

भरवण्याचं थोडं जड जाईल. पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाचं तोंड उघडतं, पण पोट भरलं की नाही याकडे त्याचं लक्ष नसतं. कार्टून बंद केलीत की पहिले काही दिवस तो रडेल, मान फिरवेल, कमी खाईल. तेव्हा घरातल्या कोणीही घाबरून फोन पुढे करायचा नाही. त्याच्या हातात एखादा तुकडा द्या, सांडू द्या, आणि शक्य असेल तेव्हा तुम्हीही त्याच्याबरोबरच जेवा. नको म्हणाला तर ताट उचला आणि पुढच्या वेळेला पुन्हा बसवा. निरोगी मूल भुकेलं झालं की खातं. वजनाची काळजी वाटली तर डॉक्टरांना विचारा.

आता खायला उठणाऱ्या घराकडे येते. टीव्ही तुम्ही बाळासाठी लावत नव्हता. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून लावत होता, आणि यात लाजण्यासारखं काहीच नाही. फक्त तो आवाज बाळाच्या जागेपणी नको. दुपारी तो झोपला की दार ओढून घ्या आणि आवाज कमी ठेवून तुमची मालिका बघा. तो तुमचा हक्काचा वेळ आहे, त्या वेळात कोणी कामं सांगू नयेत. बहुतेक मालिका आता हव्या त्या वेळी बघता येतात. ते कसं लावायचं हे मुलाकडून शिकून घ्या. सकाळी किंवा संध्याकाळी बाळाला घेऊन थोडा वेळ घराबाहेर पडा. त्याला उजेड मिळेल, तुम्हाला चार माणसं भेटतील.

आणि हे वाक्य मुलाला-सुनेला सांगा. ‘हे गेल्यापासून घर खायला उठतं,’ एवढंच. मला वाटतं ते त्यांच्यापर्यंत कधी पोचलेलंच नाही. त्यांना टीव्ही दिसतो, त्यामागची तुमची रिकामी दुपार दिसत नाही.

हे पत्र त्या दोघांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे, म्हणून पुढचं त्यांच्यासाठी. ६४ वर्षांची बाई रोज दहा तास एका पावलं टाकणाऱ्या मुलामागे असते. हे पूर्ण दिवसाचं काम आहे आणि त्यात तिला सुट्टी नाही. टीव्ही बंद करायला सांगताना त्या जागी तिला काय देणार, हे तुम्ही ठरवलं का? दिवसातून दोन तास मदतीला कोणी, आठवड्यातला एक पूर्ण दिवस मोकळा, ऑफिसमधून दुपारी एक फोन, यातलं काहीतरी द्या. सूनबाई, तुमची काळजी रास्त आहे. पण काही न बोलता बाळाला उचलून नेणं आणि खात्री न करता मेसेज पुढे ढकलणं, यातून त्यांना एकच ऐकू आलं: तुमच्यामुळे माझं मूल बिघडतंय. त्यांच्याजवळ बसून एकदा सांगा की बाळ तुमच्याकडे असतं म्हणून मी कामावर जाऊ शकते. हे खरंच आहे ना? आणि मुलाने संध्याकाळी बाळाला मांडीवर घेतल्यावर फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. नियम घरातल्या एकाच माणसासाठी असेल तर तो नियम राहत नाही, शिक्षा होते.

आजी, झालं त्याचा धसका घेऊ नका. १४ महिने म्हणजे काही हातातून निसटलेला काळ नाही. टीव्ही आणि मुलांवरचे कितीतरी अभ्यास दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच सांगतात. एकीमुळेच दुसरी झाली, हे त्यातून ठरत नाही. तुमच्या नातवाचं कायमचं काही बिघडलं आहे असं तुमच्या पत्रातून मला कुठेही दिसलं नाही.

लेकीचे व्हिडिओ कॉल मात्र चालू ठेवा. ते टीव्हीसारखे नाहीत, कारण आत्या त्याला बघत असते, त्याने हात हलवला की ती हात हलवते, तो हसला की हसते. दोन-अडीच वर्षांची मुलं अशा समोरासमोरच्या कॉलवरून नवे शब्द शिकतात, पण तेच आधी रेकॉर्ड करून दाखवलं तर शिकत नाहीत, असं २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तुमचा नातू अजून लहान आहे, म्हणून कॉलवर तुम्ही त्याच्या शेजारीच बसा. आत्याने चेंडू दाखवला की तुम्ही घरातला चेंडू त्याच्या हातात द्या. पाच-सात मिनिटांत तो उठून गेला तर जाऊ द्या, आणि मग तुम्ही लेकीशी निवांत बोला.

— तुमची ताई