ग्रीसमध्ये एक दिवस स्वतःपुरती शिडाची बोट घ्यावी का? एका दिवसात किती बेटं होतात?

तुम्ही सप्टेंबरात अथेन्सला जाताय, सोबत सत्तरीचे आई-बाबा आहेत, घरात कुणालाच पोहता येत नाही आणि तरीही एक दिवस खासगी बोट घेऊन बेटं फिरायचं मनात आहे. माझं उत्तर सरळ आहे, जरूर घ्या. फक्त "किती बेटं होतात" हा हिशेब मनातून काढून टाका. त्या हिशेबापायी माझा एक अख्खा दिवस वाया गेलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी स्टुटगार्टला राहते. सरोनिक आखातात, म्हणजे अथेन्सच्या समोरच्याच समुद्रात, मी दोनदा अशी बोट घेतली. पहिल्या वेळी अथेन्सच्याच एका मरीनातून निघालो. जाहिरातीत एका दिवसात तीन बेटं होती आणि आम्हालाही ते छान वाटलं. प्रत्यक्षात काय होतं बघा. बारा मीटरची शिडाची बोट पाच-सहा नॉटने चालते. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. म्हणजे ताशी दहा किलोमीटर धरा, आपण सायकल दामटतो तेवढा वेग. अथेन्सच्या किनाऱ्यापासून एजिना बेट पंधरा-सोळा सागरी मैलांवर आहे. जायला तीन तास, यायला तीन तास. आठ तासांच्या दिवसात उरले दोन, आणि त्यात तीन ठिकाणं बसवायची! वेळ गाठायची म्हणून दिवसभर इंजिन चालू, डिझेलचा वास आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास. शीड गुंडाळलेलं होतं ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. शिडाच्या बोटीचे पैसे भरून आम्ही मोटरबोटीने फिरून आलो होतो.

दुसऱ्या वेळी, जूनमध्ये, आई-बाबा आणि मावशी रत्नागिरीहून आले होते. आम्ही तिघं आणि ते तिघं, असे सहा जण. या वेळी आदल्या दिवशीच पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, फेरीने एजिनाला गेलो आणि तिथेच मुक्काम केला. साधी फेरी सव्वा तास घेते, हायड्रोफॉइलने, म्हणजे पाण्यावर उचलून धावणाऱ्या वेगवान बोटीने, चाळीस मिनिटांत पोचता येतं. तुम्हीही हेच करा असं मी आग्रहाने सांगेन. तेवढ्याने बोटीवरचे सहा तास वाचतात, आणि बेटाच्याच नावाचं एजिना हे गाव मुक्काम करावा असंच आहे. बंदरात शिरताना धक्क्याच्या टोकाला एक चिमुकलं पांढरं चर्च दिसतं. डाव्या हाताला टेकाडावर अपोलोच्या देवळाचा एकच खांब उभा आहे, बाकी देऊळ गेलं. १८२८ मध्ये नव्या ग्रीसची पहिली राजधानी काही काळ याच गावात होती. धक्क्यावर पिस्त्यांच्या टपऱ्या आहेत. एजिनाचा पिस्ता नावाजलेला आहे, आणि मावशीने संध्याकाळी घेतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी बोटीवर फार उपयोगी पडली.

मी बोटवाल्यांना तीन ठिकाणं सांगितली होती. रात्री कप्तानचा निरोप आला, "सकाळी वारा नसेल, दुपारी दक्षिणेचा येईल. आपण दोनच ठिकाणी जाऊ, म्हणजे दुपारी शिडावर जाता येईल." पहिल्या वेळचा अनुभव होता म्हणून मी लगेच हो म्हटलं. तुम्ही ज्यांच्याशी बोलाल त्यांनी असं काही स्वतःहून सांगितलं तर ते लोक चांगले समजा. वारा न बघता जो आठ दिवस आधी तासातासाचं वेळापत्रक पाठवतो, त्याच्याकडे मी परत जाणार नाही.

सकाळी निघालो तेव्हा पाणी तेलासारखं स्थिर होतं. चारेक सागरी मैल इंजिनवर दक्षिणेला गेलो आणि पेर्दिका या कोळ्यांच्या गावासमोरच्या मोनी बेटाशी थांबलो. मोनीवर माणसांची वस्ती नाही.

नांगर टाकणं मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. कप्तान तिशीतली मुलगी होती. ती बोट अगदी हळू चालवत पाण्याचा रंग बघत होती. जिथे पाणी गडद निळं-काळं दिसतं तिथे तळाला पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत असतं. हे शेवाळ नव्हे, फुलं येणारी वनस्पती आहे, तिची इथली जात फक्त भूमध्य समुद्रातच होते आणि वर्षाला काही सेंटिमीटरच पसरते. माशांची पिल्लं त्यात वाढतात. नांगर त्यात पडला की गवत मुळासकट उपटतं आणि ती जागा भरायला पुष्कळ वर्षं जातात. म्हणून ती फिकट पोपटी-निळा चट्टा शोधत होती, म्हणजे खाली नुसती वाळू. तसा चट्टा सापडल्यावर तिने सहा मीटर पाण्यात तीस मीटर साखळी सोडली. माझ्या मुलाने विचारलं, एवढी कशाला? साखळी तळावर आडवी पडली की नांगराला आडवी ओढ बसते आणि तो वाळूत आणखी रुततो. उभी ओढ बसली तर उपटून वर येतो. मग तिने इंजिन उलटं चालवून बोट मागे ओढली, अनवाणी पाय साखळीवर ठेवून थरथर लागते का ते पाहिलं, आणि किनाऱ्यावरचं एक पाइनचं झाड आणि त्यामागचा एक खडक माझ्या नवऱ्याला दाखवला. दोन्ही एका रेषेत राहिले तर नांगर बसला, सरकले तर नाही. बाबा मागून बघत होते. म्हणाले, "आपल्याकडचे तांडेल समुद्रात मासे लागतात ती जागा अशाच दोन खुणा जुळवून ध्यानात ठेवतात." मी ते इंग्रजीत सांगितलं तर ती खूश झाली, आणि पुढच्या वेळी नांगर टाकताना खुणा तिने बाबांनाच शोधायला सांगितल्या.

आता न पोहणाऱ्यांविषयी, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. नांगर पडतो तिथे पाय टेकत नाहीत. बोटीच्या मागच्या बाजूला शिडी असते, तिथून उतरायचं ते खोल पाण्यात. भूमध्याचं पाणी जास्त खारट असतं, लिटरमागे अडतीसेक ग्रॅम मीठ, त्यामुळे अंग जरा हलकं लागतं. पण म्हणून न पोहणारा तरंगत नाही, या भरवशावर कुणी उतरू नये. बुकिंगच्या वेळीच दोन गोष्टी मागून घ्या. फोमची लाइफ जॅकेट्स, माणसागणिक आणि मापाची. बोटीवर बऱ्याचदा पट्ट्यासारखी, पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारी जॅकेट्स असतात. ती कुणी चुकून पडलं तर वाचवण्यासाठी असतात, डुंबण्यासाठी नाहीत. आणि दुसरी गोष्ट, रबरी होडीने किनाऱ्यावर सोडतील ना, हे विचारून ठेवा. आमचे आई-बाबा तसेच किनाऱ्यावर गेले आणि गुडघाभर पाण्यात तासभर बसून राहिले. इथे भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही, फार तर वीतभर. मुंबईला उधाणाच्या दिवशी समुद्र साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतो, रत्नागिरीचेही लोक पाण्याकडे एक डोळा ठेवूनच वाळूवर बसतात. आई दोनदा म्हणाली, "अगं पाणी वर येईल, चपला उचल." चपला दुपारपर्यंत तिथेच होत्या.

तेवढ्यात मागच्या झाडीतून मोर ओरडला. आई माझ्याकडे बघायला लागली. मोनीवर मोर आणि हरणं मोकळी फिरतात, हे मी वाचलं होतं पण तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तीन मोर सरळ वाळूवर आले आणि एक तिच्या हातातल्या पिस्त्यांच्या पिशवीपाशी मान लांब करून उभा राहिला, इतका जवळ की मानेवरचं एकेक पीस वेगळं दिसत होतं. तिने खायला काही दिलं नाही, देऊही नये. ती त्याच्याशी मराठीत बोलत राहिली. त्या पूर्ण सहलीतला तिचा एकच फोटो मी फ्रेम केलाय, तो हा.

जेवण बोटीवरच होतं. मावशी शाकाहारी आहे, तिच्यासाठी कप्तानने फावा आणला होता. पिवळ्या डाळीचं घट्ट गोळ्यासारखं वाटण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. मावशीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हे तर वरण गं, फोडणी तेवढी द्यायची राहिली." सोबत टोमॅटो-काकडीची कोशिंबीर, फेटा चीज आणि पाव. आधी सांगितलंत तर शाकाहारी जेवणाची ग्रीसमध्ये काहीच अडचण येत नाही.

एकच्या सुमाराला वारा आला. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येणाऱ्या वाऱ्याला तिथे बातिस म्हणतात. बाबा लगेच म्हणाले, "खारा वारा सुटला." आपण शाळेत खारे वारे-मतलई वारे पाठ केले होते तेच ते. मोनीपासून अगिस्त्री बेट पश्चिमेला पाचेक मैल आहे आणि वारा दक्षिणेचा, म्हणजे बरोबर आडवा. शिडाला हाच वारा सगळ्यात सोयीचा. अगदी समोरून वारा असेल तर शिडावर सरळ जाताच येत नाही, नागमोडी जावं लागतं आणि वेळ दुप्पट लागतो. शीड वर चढेपर्यंत जोरात फडफडत होतं, मग एकदम भरलं, फडफड थांबली आणि बोट उजवीकडे कलली.

आईने कठडा दोन्ही हातांनी पकडला. हे कलणं तुमच्याही आई-बाबांना घाबरवेल, तेव्हा आधीच समजावून ठेवा. अशा बोटीच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग तळाखाली बसवलेल्या लोखंडाच्या किंवा शिशाच्या कीलमध्ये असतो. बोट जितकी कलते तितकं ते वजन तिला जोराने परत सरळ ओढतं. पण घाबरलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो. कप्तानने आईचे हात पाहिले आणि काही न बोलता मोठ्या शिडाचा दोर थोडा सैल सोडला. कल निम्म्यावर आला, वेगही जरा उतरला. दहा मिनिटांनी आईने एक हात सोडला, मग दुसरा. खासगी बोटीचे जास्तीचे पैसे आपण याच गोष्टीसाठी देतो. पन्नास जणांच्या बोटीवर एका बाईचे हात कुणी बघत नाही.

तो दीड तास बाबा शिडाखाली बसून होते. त्यांच्या लहानपणी मंगलोरी कौलं घेऊन शिडाची गलबतं रत्नागिरीला यायची, ती त्यांनी धक्क्यावरून पाहिली होती. शिडाच्या बोटीत बसायची ही पहिलीच वेळ. ते फारसं काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. अगिस्त्रीला पाइनची झाडं थेट पाण्यापर्यंत उतरलेली आहेत. तिथे आपोनिसोसपाशी थांबलो, नवरा आणि मुलगा पोहले, बाकीचे कॉफी पीत बसलो. येताना वारा पाठीशी होता, सहाला एजिनाच्या बंदरात.

पैशांचं सांगायचं तर आम्ही कप्तान, इंधन आणि जेवण धरून सहा जणांत ७२० युरो दिले. किंमत विचारताना इंधन आणि कर त्यात आहेत का, आणि वारा जोराचा असला तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख देतात, हे लेखी घ्या. सगळ्यांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक आदल्या दिवशी मागून घेतात, ते तयार ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्तेमी हा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस वाहतो. सरोनिकमध्ये त्याचा जोर कमी, आणि सप्टेंबरात तोही ओसरायला लागतो, पाणी मात्र उन्हाळाभर तापून चोवीसेक अंशांवर असतं. तुमची वेळ चांगली आहे.

बाबांचे गुडघे दुखत असतील तर दोन तळांची कॅटामरान मागा. ती कलत नाही, आणि आत-बाहेर करायला उभा जिना नसतो. महाग पडते. बोट लागायची गोळी निघण्याआधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग होत नाही. सोबत आलेपाक ठेवा, खालच्या केबिनमध्ये जाऊ नका, नजर क्षितिजावर ठेवा. संडासात कागद टाकायचा नाही, नळी बारीक असते, हे आई-बाबांना निघण्याआधीच सांगून ठेवा म्हणजे त्यांना तिथे संकोच होत नाही. चाकांची बॅग नेऊ नका, बोटीवर ती ठेवायला जागा नसते. चपला धक्क्यावरच काढायला लावतात.

आणि बोटवाले सहसा दहाची वेळ देतात, तुम्ही नऊची मागा. पेर्दिकाहून माणसं घेऊन येणाऱ्या छोट्या होड्या सुरू झाल्या की मोनीचा तो लहानसा किनारा भरून जातो. आम्ही पोचलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय फक्त मोर होते.