जमिनीतल्या कोळशापासून जिवाणूंकरवी वायू

प्रश्न : कोळसा न खणता, तो जमिनीतच ठेवून सूक्ष्मजीवांकडून त्याचा वायू करून घेता येतो, असे वाचनात आले. आमच्या औष्णिक वीज केंद्राला कोळसा रेल्वेने बाहेरून आणावा लागतो. मराठवाड्यात हा मार्ग शक्य आहे काय?
– एक वाचक, परळी वैजनाथ, जि. बीड

उत्तर : मराठवाड्यापुरते उत्तर नकारार्थी आहे. आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे. राज्यातील कोळसा मुख्यतः नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ या विदर्भातील जिल्ह्यांत सापडतो.

तत्त्व मात्र खरे आहे. अमेरिकेतील वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यात कोळशाच्या थरांतला मिथेन हा जळणारा वायू प्रामुख्याने सूक्ष्मजीवांनीच तयार केलेला आहे. हे जीव मिथेन घडवताना हलक्या कार्बनला प्राधान्य देतात. त्यामुळे त्यांच्या वायूत कार्बन-१३ या जड कार्बनचे प्रमाण भूगर्भातील उष्णतेने बनलेल्या वायूपेक्षा कमी आढळते, आणि त्यावरून त्याचे मूळ ओळखता येते. प्राणवायू नसलेल्या, पाण्याने भरलेल्या थरात आधी काही जिवाणू कोळशातील सेंद्रिय रेणू फोडतात. त्यातून निघालेले ॲसिटेट, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून ‘आर्किया’ या जिवाणूंहून वेगळ्या गटातील सूक्ष्मजीव मिथेन करतात. गोबरगॅसच्या टाकीतही शेवटची पायरी याच गटाकडे असते. फरक खाद्याचा आहे. शेण मुळातच बरेचसे पचलेले असते, तर कोळशातील वलयाकार रेणू अतिशय चिवट असतात आणि सगळे गाडे तिथेच अडते. नत्र, स्फुरद यांसारखी पोषके दिल्यास प्रयोगशाळेत वायू वाढतो. पण जमिनीखाली ती कोळशातील भेगांपुरतीच पोहोचतात.

येथे एक गल्लत टाळावी. पश्चिम बंगालमधील राणीगंज येथे 2007 पासून व्यापारी तत्त्वावर निघणारा वायू हा थरात आधीच साठलेला मिथेन आहे. पाण्याच्या दाबाने तो कोळशाला धरून राहतो. पाणी उपसून दाब उतरवला की सुटतो. सूक्ष्मजीवांना पोसून नवा वायू करवला, तरी तो बाहेर काढण्यासाठी हा दाब उतरवावाच लागतो, म्हणजे जमिनीतले पाणी उपसावेच लागते. 2013 मध्ये पाण्याअभावी वीज केंद्राचे संच बंद पडलेले पाहणाऱ्या परळीकरांना यातली अडचण वेगळी सांगायला नको. उपसलेले पाणी अनेकदा खारे असते, त्यामुळे ते सरळ शेताला सोडता येत नाही. विदर्भात असा प्रयोग कोणी मांडलाच, तर त्या पाण्याची व्यवस्था काय, हे मी सर्वांत आधी विचारीन.