पुरात भिजलेली काडतुसे आणि परवान्यावरची तारीख

चिपळूण तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात त्यांच्या घरात पाणी शिरले आणि वडिलांच्या कपाटातील बारा बोअरची (बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीचे माप) १७ काडतुसे भिजली. वडील फेब्रुवारी २०२४ मध्ये वारले. लोकसभा निवडणुकीच्या आधी पोलीस ठाण्यातून निरोप आल्यावर भावाने बंदूक जमा करून पावती घेतली. काडतुसे मात्र ‘पाण्याने गेलेलीच आहेत’ म्हणून घरीच राहिली. वडिलांच्या परवान्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. वारस म्हणून या भगिनीने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज केला आहे, बागेत रानडुकरांचा उपद्रव वाढला आहे, आणि भावाने काही दिवसांपूर्वी ती काडतुसे खळ्यात उन्हात वाळवून पुन्हा डब्यात भरली आहेत. परवाना हाती आल्यावर ती वापरता येतील का, आणि येणार नसतील तर टाकून द्यावीत का, असे त्या विचारतात. २०१९ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरकडूनही याच आशयाची पत्रे येत असल्याने उत्तर सविस्तर देत आहे.

वापराचा प्रश्न आधी संपवतो. ती काडतुसे आपण, आपल्या भावाने किंवा अन्य कोणीही वापरू नयेत. बारा बोअरच्या काडतुसात तळाशी धातूचे बूड आणि त्यात बसवलेली टोपी, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणारा भाग, असते, तिच्यावर दारू, दारूवर वॉड, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा, आणि त्यावर छर्रे. पाणी वरच्या दुमडलेल्या तोंडातून आणि टोपीच्या कडेने आत जाते, आणि बाहेरून काडतूस कोरडे दिसू लागले तरी आतली दारू कितपत खराब झाली हे पाहून, हलवून किंवा वजन करून कळत नाही. असे काडतूस उडालेच नाही तर फारसे बिघडत नाही. ते उशिरा उडाले, म्हणजे घोडा पडल्यानंतर क्षण-दोन क्षणांनी, तेव्हा माणूस बंदूक उघडून आत पाहण्याच्या बेतात असू शकतो. त्याहून वाईट म्हणजे ते अर्धवट उडाले, वॉड नळीतच अडकला आणि ते लक्षात न येता दुसरे काडतूस चालवले, तर नळी फुटते, आणि ती फुटते तेव्हा धरणाऱ्याचा डावा हात आणि डोळे तिच्या अगदी जवळ असतात. समजा कोणी एखादे उडवून पाहिले आणि ते नीट उडाले, तरी उरलेली सोळाही नीट असतील असा निष्कर्ष निघत नाही, कारण प्रत्येकात किती पाणी गेले ते वेगळे असते.

उन्हात वाळवण्याच्या उपायाविषयी स्पष्टच लिहितो, कारण तो घरोघरी केला जातो. आजच्या बिनधुराच्या दारूत नायट्रोसेल्युलोज हे ज्वालाग्राही रसायन असते. ते वर्षानुवर्षे हळूहळू विघटित होतच असते, आणि उष्णता व ओलावा या दोन्हींमुळे ती क्रिया वेग घेते. म्हणजे आधी पूर आणि मग खळ्यातले ऊन, असे दोन्ही आघात आपण त्या दारूवर केले आहेत. शिवाय दारू निकामी झाली तरी टोपी निकामी झालेली असेलच असे नाही. पाण्यातून निघालेली टोपी वाळल्यावर पुन्हा पेट घेऊ शकते. त्यामुळे ही काडतुसे बंदुकीत घालण्यास बेभरवशाची आणि कचऱ्यात टाकण्यास धोकादायक, अशा दोन्ही दोषांची आहेत. ती विहिरीत किंवा नदीत फेकणे, बागेत पुरणे, चुलीत घालणे किंवा छर्ऱ्यांसाठी फोडणे यांपैकी काहीही करू नये.

आता कायदा. आपल्या पत्रातील ‘पाण्याने गेलेली’ हे शब्द कायद्यापुढे फारसे टिकत नाहीत. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, तिच्यात तो चांगल्या स्थितीत असला पाहिजे अशी अट नाही, उलट दारूगोळ्याचे सुटे भागही तिच्यात धरले आहेत. काडतुसे जिवंत होती हे तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध झाले नाही म्हणून आरोपी सुटल्याचे निकाल आहेत, हे मी नाकारत नाही. पण तो मुद्दा खटल्याच्या अखेरीस कामी येतो, आणि आपल्याकडील न्यायालयांत ती अखेर किती वर्षांनी येईल याची हमी कोणताही वकील देऊ शकत नाही. सुटका होईपर्यंतच्या तारखा, जामीन आणि पासपोर्टपासून नोकरीपर्यंतच्या अडचणी कोणीही भरून देत नाही.

आपल्या प्रकरणाचा निकाल एका कलमावर आणि एका विलंबावर ठरणार आहे. कलम २१ म्हणते की, परवान्याची मुदत संपल्यामुळे, तो निलंबित वा रद्द झाल्यामुळे ‘किंवा अन्य कोणत्याही कारणामुळे’ ज्या शस्त्राचा किंवा दारूगोळ्याचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही, ते ताबेदाराने अनावश्यक विलंब न करता नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे किंवा विहित अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केले पाहिजे. ‘शस्त्र’ आणि ‘दारूगोळा’ हे दोन्ही शब्द तेथे आहेत. वाचकांची हमखास चूक होते ती परवान्यावरच्या तारखेमुळे. परवाना हा त्या व्यक्तीला दिलेला असतो, घराला किंवा कुटुंबाला दिलेला नसतो. वडील वारले त्या दिवशी तो परवाना आपल्यापुरता संपला, आणि त्यावर डिसेंबर २०२६ छापलेले असल्याने आपल्याला एका दिवसाचीही सवलत मिळत नाही. आपला विलंब फेब्रुवारी २०२४ पासून मोजला जाईल.

वारसाचा ताबा पहिल्या दिवसापासूनच परवान्याविना असतो, मग त्याला कलम २१ लावायचे की परवान्याविना शस्त्र वा दारूगोळा बाळगण्यास मनाई करणारे कलम ३ थेट लावायचे, यावर वकील वाद घालू शकतील. त्या वादात पडण्याची आपल्याला गरज नाही, कारण दोन्ही वाटांनी पुढचे पाऊल एकच ठरते: काडतुसे ताबडतोब पोलिसांच्या स्वाधीन करणे.

बंदूक जमा करताना काडतुसांचा उल्लेख का केला नाही, हे मला समजू शकत नाही. आपल्याकडील पावतीवर केवळ बंदुकीची नोंद आहे. दुसरीकडे, वडिलांनी परवानाधारक दुकानातून काडतुसे घेतली असतील तर प्रत्येक खरेदीची नोंद परवान्यावर आणि दुकानदाराच्या नोंदवहीत असणार. आपला वारसाचा अर्ज पुढे सरकला की जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवाना शाखा तोच जुना परवाना उघडणार आहे. घेतलेली काडतुसे किती, वापरलेली किती, जमा किती, असा हिशेब कोणी विचारला तर सतरांचे उत्तर आपल्याकडे हवे, आणि ते उत्तर आपण स्वतः आधी दिलेले असणे आणि पोलिसांनी ते शोधून काढणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घरात काडतुसे पडली आहेत हे ठाऊकच नव्हते, असा बचाव काही प्रकरणांत खरोखर उपयोगी पडतो. ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात मांडले आणि १९९४ मध्ये संजय दत्त यांच्या प्रकरणातही त्याचा आधार घेतला. बॅगेच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस विमानतळावर सापडलेल्या प्रवाशांना त्याचा लाभ मिळालेला आहे. आपल्याला तो मिळेल असे मला वाटत नाही, कारण मोजून वाळवलेली आणि पुन्हा डब्यात भरलेली वस्तू माहीत नव्हती असे कोणाला सांगणार? कलम ४५ मध्ये दारूगोळ्याच्या किरकोळ भागांना, ते पूरक भागांसह वापरण्याचा हेतू नसल्यास, सूट आहे. काही उच्च न्यायालयांनी तिचा लाभ एकट्या काडतुसालाही दिला आहे. परंतु सतरा पूर्ण काडतुसे, त्याच बोअरची कुटुंबातील बंदूक आणि ती पुन्हा मिळवण्यासाठीचा आपला अर्ज पाहता त्या सुटीवर विसंबणे मला धाडसाचे वाटते.

परवान्याविना दारूगोळा बाळगण्याच्या गुन्ह्याला, कलम २५ मधील २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान २ वर्षे आणि कमाल ५ वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. कलम ३ खालील गुन्ह्यासाठी खटला भरण्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, असे कलम ३९ सांगते, आणि जो वारस स्वतःहून, लेखी, सर्व काही उघड करून काडतुसे स्वाधीन करतो त्याच्याविरुद्ध मंजुरी देण्याआधी अधिकारी विचार करतील अशी रास्त अपेक्षा आहे. प्रत्येक दिवसाच्या विलंबाने ती अपेक्षा थोडी कमी होत जाते.

कसे करावे ते नीट लक्षात घ्यावे. काडतुसे पिशवीत घालून दुचाकीवरून किंवा एस.टी.ने पोलीस ठाण्यात नेऊ नयेत, कारण ती बाळगून प्रवास करणे हाही परवान्याविना ताबाच आहे आणि वाटेत नाकाबंदीवर सापडलात तर आपला हेतू चांगला होता हे तेथे सिद्ध करत बसावे लागेल. आधी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्यावा. त्यात वडिलांचा परवाना क्रमांक, मृत्यूची तारीख, बंदूक जमा केल्याच्या पावतीचा क्रमांक, काडतुसांची संख्या, त्यांच्या बुडावरील अक्षरे व आकडे, ती पुरात भिजल्याची आणि नंतर वाळवल्याचीही हकीकत असावी. वाळवल्याचे लपवू नये. ती हाताळणाऱ्या पोलिसाला ते माहीत असणे त्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. घरी येऊन पंचनामा करून काडतुसे ताब्यात घ्यावीत आणि त्यांची स्थिती पाहून गरज भासल्यास बॉम्बशोधक व नाशक पथकाला कळवावे, अशी विनंती करावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही व शिक्क्यासह पोच घ्यावी, आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला नोंदणीकृत टपालाने पाठवावी. २०२१ मध्ये तलाठ्याने केलेला नुकसानीचा पंचनामा घरात असेल तर त्याची प्रत जोडावी. कपाट आणि त्यातील सामान पाण्याखाली होते याचा त्या वेळचा पुरावा पुढे फार मोलाचा ठरतो. पोलीस येईपर्यंत डबा सावलीत, कोरड्या जागी, कुलपाखाली आणि मुलांपासून दूर ठेवावा आणि तो कोणीही उघडू नये.

परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याचा पर्याय कलमात आहे, पण भिजलेला माल विक्रेता घेईलच असे मी गृहीत धरणार नाही.

वारसाच्या परवान्याबद्दल थोडक्यात. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. भावाचे आणि आईचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडले नसेल तर अर्ज तेवढ्यावरूनच परत येईल. कार्यालयात फाइल महिनोन्महिने टेबलावर पडून राहते, हा सर्वांचाच अनुभव आहे आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही, म्हणून दर महिन्याला लेखी स्मरणपत्र द्यावे. परवाना नाकारल्यास कारणे लेखी मागावीत. कलम १८ खाली अपील करता येते. जमा असलेली बंदूकही कायमची सुरक्षित नाही. विहित मुदतीत ती परत घेतली नाही किंवा हक्कदार व्यक्तीला विकली नाही, तर कलम २१ खालीच जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. आपल्या पावतीची तारीख आणि त्यावरील अटी आजच वाचाव्यात. परवाना मिळाल्यावर काडतुसे नवी घ्यावीत, आणि त्याआधी बंदुकीची नळी परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी, कारण पुरात तीही घरातच होती.

रानडुकरांसाठी वेगळी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना असला तरी वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालील वन विभागाची परवानगी मिळाल्याविना रानडुक्कर मारणे गुन्हाच ठरतो. तोवर पिकाच्या नुकसानीची लेखी तक्रार वेळेत वन कार्यालयात द्यावी आणि भरपाई मागावी.

काडतुसे ताब्यात घेताना पोलीस आपला आणि भावाचा जबाब नोंदवतील. जे खरे आहे तेच सांगावे, लिहिलेला मजकूर वाचून घ्यावा आणि ‘वापरण्यासाठी ठेवली होती’ असे काही आपण न बोललेले त्यात आले असेल तर ते तेथेच लेखी आक्षेप घेऊन दुरुस्त करून घ्यावे. गुन्हा नोंदवण्याची भाषा सुरू झाली तर त्याच दिवशी चिपळूण न्यायालयातील फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला भेटावे आणि पोच घेतलेला अर्ज सोबत न्यावा.