'बॅकडोअर'ला मागीलदार म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरचे मेसेज सरकारला वाचता यावेत म्हणून कंपन्यांकडे जो 'बॅकडोअर' मागितला जातो, त्याला एका बातमीत 'मागचं दार' म्हटलं होतं, मग आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात मागीलदार हा शब्द आहेच तर तोच का नको?

माझ्या मते नको. कोकणातल्या घरात मागीलदार ही लपवायची जागाच नव्हे, विहीर तिकडे, धुणं तिकडे, केळी तिकडे, मासेवाली टोपली घेऊन तिकडूनच हाक मारते आणि शेजारीण विरजण मागायला तिकडूनच येते, ते दार दिवसभर सताड उघडं असतं. शिवाय 'मागच्या दाराने' म्हटलं की मराठी माणसाला वशिल्याने लागलेली नोकरी आठवते, म्हणजे तो अर्थ आधीच दुसरीकडे गुंतलाय.

मी 'चोरदिंडी' म्हणेन, म्हणजे गडाच्या तटात लपवून ठेवलेलं छोटं दार. रायगडावर महादरवाज्यापासून टकमक टोकाकडे जो तट जातो त्यात ती आहे, बुरुजाच्या आतून पायऱ्या उतरत दारापर्यंत जायचं. बॅकडोअरचा गाभा इथेच आहे बघा, ती तट ढासळून झालेली नाही, बांधणाऱ्याने बांधतानाच ठेवलेली आहे. फक्त गडाची दिंडी गडावरच्या लोकांसाठी होती आणि ॲपमध्ये ती तिसऱ्यासाठी मागितली जाते. आणि एकदा ठेवली की आत कोण येणार हे ठेवणाऱ्याच्या हातात राहत नाही. ग्रीसमध्ये 2004-05 मध्ये हेच झालं, पोलिसांना कायदेशीर टॅपिंग करता यावं म्हणून व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये जी सोय होती तीच कुणीतरी वापरून खुद्द पंतप्रधानांसकट शंभरावर लोकांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले. म्हणून शब्दात 'चोर' हवाच असं मला मनापासून वाटतं, 'विशेष प्रवेश' वगैरे गुळगुळीत शब्द वापरले की हा धोका वाचणाऱ्याला कळतच नाही.

पण प्रत्येक सरकारी मागणीला चोरदिंडी म्हणू नका. फोन टॅपिंग वेगळं, त्याला आपल्याकडे 1885 च्या टेलिग्राफ कायद्यापासून आधार आहे. 2000 च्या आयटी कायद्याचं कलम 69 म्हणतं की आदेश निघाला तर मजकूर उलगडून द्यायला मदत करा, नाही केली तर 7 वर्षांपर्यंत कैद. हे झालं 'किल्ली मागणं'. अडचण अशी की एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूपबंद जातो तेव्हा, तो उलगडायची किल्ली पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच असते, कंपनीकडे नसतेच, मग किल्ली मागता मागता गोष्ट दिंडीवर येते. 2021 च्या आयटी नियमांत मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्या अशी अट आली, त्याला 'माग काढणं' हा आपला सरळ शब्द आहे, आणि त्यासाठी एन्क्रिप्शन मोडावं लागेल असं म्हणत व्हॉट्सॲप त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टात गेलं.

पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिताना मात्र 'खिंडार' लिहा. 2019 मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलिंगमधल्या चुकीतून ते फोनमध्ये शिरलं होतं, ती वाट कुणी मुद्दाम ठेवलेली नव्हती, त्यामुळे तिथे चोरदिंडी बसत नाही.