वाचकांचे प्रश्न : बँकॉकमधील कमी खर्चाचा मुक्काम

हिवाळी सहलींची आखणी सुरू झाली की या सदराकडे बँकॉकविषयीची पत्रे वाढू लागतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय तेथील स्वस्त हॉटेल हाच असल्यामुळे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत. वाचताना थायलंडच्या चलनातील एका बाथचे अडीच ते तीन रुपये धरून हिशेब करावा.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी, दोघेही साठी ओलांडलेले, जानेवारीत बँकॉकला जाणार आहोत. खाओ सान रस्त्याजवळ आठशे बाथला खोली मिळते आहे. सुखुमवित भागात तशाच खोलीला बाराशे पडतात. राजवाडा आणि मोठी मंदिरे खाओ सानहून जवळ आहेत, असे मुलगा सांगतो. मग रोजचे चारशे बाथ जास्त का मोजावेत? पत्नीला गुडघेदुखीचा त्रास आहे. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपला निर्णय भाड्यापेक्षा आपल्या पत्नीच्या गुडघ्यांवर ठरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाचे म्हणणे चुकीचे नाही. ग्रँड पॅलेस हा राजवाडा आणि वाट फो हे मंदिर ही ठिकाणे खाओ सानपासून दीड-दोन किलोमीटरवर आहेत, आणि फ्रा आथित हा चाओ फ्राया नदीवरील बोटीचा धक्काही तेथून चालत गाठता येतो. परंतु ज्या बांगलाम्फू भागात हा रस्ता आहे, तेथे रेल्वेचे एकही स्थानक नाही. दुपारच्या उन्हात दीड किलोमीटर चालणे आणि परत येऊन लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीचे तीन जिने चढणे, हे त्या आठशे बाथच्या खोलीचे खरे भाडे आहे. शिवाय खाओ सानवरील संगीत मध्यरात्रीनंतरही थांबत नाही, आणि रस्त्याच्या बाजूची खोली मिळाली तर झोपेचे काही खरे नाही.

बँकॉकची उन्नत रेल्वे, जिला तेथे बीटीएस म्हणतात, 1999 मध्ये आणि भुयारी मेट्रो 2004 मध्ये सुरू झाली. या मेट्रोची निळी मार्गिका 2019 मध्ये जुन्या शहरापर्यंत वाढवण्यात आल्यानंतर राजवाड्याजवळ राहण्याची गरज बरीच कमी झाली आहे, कारण सुखुमवित स्थानकात बसलेला प्रवासी गाडी न बदलता सानाम चाय येथे उतरतो आणि तेथून वाट फो अगदी जवळ आहे. वातानुकूलित डब्यातील हा प्रवास आणि डोक्यावर ऊन घेऊन केलेली पायपीट यांची तुलनाच होऊ शकत नाही. जानेवारी हा तेथील त्यातल्या त्यात सुसह्य महिना असला तरी दुपारी पारा तिशीच्या पुढे असतो, आणि दमटपणामुळे पुण्याच्या कोरड्या उन्हापेक्षा तो अधिक थकवतो.

सुखुमवितमध्येही पत्ता नीट पाहूनच खोली घ्यावी. या लांबलचक रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांना सोई म्हणतात. विषम क्रमांकाच्या सोई उत्तरेकडे आणि सम क्रमांकाच्या दक्षिणेकडे आहेत, मात्र समोरासमोरचे आकडे जुळत नाहीत. थाँग लो स्थानकाशी 55 क्रमांकाच्या सोईसमोर 38 क्रमांकाची सोई येते. जाहिरातीतील ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ हे अंतर पुष्कळदा सोईच्या तोंडापर्यंतचेच असते आणि हॉटेल आत खोलवर असते, म्हणून नकाशावर स्थानकाच्या जिन्यापासून हॉटेलच्या दारापर्यंतचे अंतर स्वतः मोजावे. नाना स्थानकाच्या आसपासची वस्ती रात्रीच्या करमणुकीसाठी प्रसिद्ध आहे आणि आपल्याला ती आवडणार नाही. मी आपल्या जागी असतो तर सुखुमवितऐवजी फाया थाई किंवा रात्चथेवी स्थानकाजवळ पाहिले असते. विमानतळावरून येणारी रेल्वे फाया थाईला संपते, तेथेच बीटीएस मिळते आणि तेथील साधी हॉटेले परवडणारी आहेत. खोली ठरवण्यापूर्वी ‘लिफ्ट तळमजल्यापासून आहे का’ असे लेखी विचारावे. काही इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठीच आठ-दहा पायऱ्या चढाव्या लागतात, आणि ते छायाचित्रांत दिसत नाही.

प्रश्न : लोहगावहून रात्री निघणारे आमचे विमान पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर उतरते आणि हॉटेलचे चेक-इन दुपारी दोन वाजता आहे. बरोबर सहा वर्षांचा मुलगा आहे. मधले तास कसे काढावेत? हॉटेलवाले पासपोर्ट ठेवून घेतात, असेही ऐकले. (एक वाचक, औंध)

उत्तर : लहान मूल बरोबर असेल तर आदल्या रात्रीचे भाडे भरून टाकावे आणि हॉटेलला ईमेलने कळवावे की आपण पहाटे पोहोचणार आहात. हे न कळवल्यास रात्री पाहुणा आला नाही म्हणून आरक्षण रद्द होण्याची शक्यता असते. तेवढा खर्च करायचा नसेल तर रिसेप्शनवर सामान ठेवता येते. बहुतेक हॉटेले त्याचे पैसे घेत नाहीत. पण सहा वर्षांच्या मुलाला रात्रीच्या अर्धवट झोपेनंतर आठ तास शहरात फिरवणे मला योग्य वाटत नाही. आपल्यापेक्षा तेथील घड्याळ दीड तास पुढे असते, हेही हिशेबात धरावे. विमानतळ रेल्वे पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास सुरू होते आणि फाया थाईपर्यंतचे तिकीट 45 बाथ आहे.

पासपोर्ट तपासणे आणि त्याची प्रत घेणे हे हॉटेलचे कर्तव्यच आहे. परदेशी पाहुणा आल्यापासून 24 तासांच्या आत त्याची माहिती इमिग्रेशन खात्याला कळवण्याचे बंधन तेथील कायद्याने घातले आहे, जसे आपल्याकडील हॉटेलांनाही परदेशी पाहुण्याची माहिती कळवावी लागते. मात्र मूळ पासपोर्ट अनामत म्हणून देऊ नये. त्याऐवजी पाचशे ते हजार बाथ रोख अनामत मागितली जाते. ती द्यावी, पावती घ्यावी आणि खोली सोडताना परत मिळण्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत, कारण तेवढ्यात कोणीतरी वर जाऊन टॉवेल, चादर आणि फ्रिज पाहून येते. थायलंडमध्ये जाण्यापूर्वी भरावयाचे डिजिटल आगमनपत्र 1 मे 2025 पासून सक्तीचे झाले आहे. त्यात हॉटेलचा पत्ता लागतो, ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि ते पूर्णतः विनामूल्य आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे.

प्रश्न : माझी चोवीस वर्षांची मुलगी नोकरीतून सुट्टी काढून एकटी बँकॉकला जाणार आहे. तिने निवडलेल्या खोलीच्या वर्णनात ‘खिडकी नाही’ असे लिहिले आहे. ती म्हणते, खोलीत फक्त झोपायचे आहे. मला काळजी वाटते. (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर यांसारख्या दाटीच्या शहरांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास भाड्याने दिल्या जातात. जुन्या दुकानघरांच्या इमारती पुढून अरुंद आणि आत खोल असतात. पुढच्या व मागच्या खोलीला उजेड मिळतो आणि मधल्या खोल्या वाड्यातल्या माजघरासारख्या अंधाऱ्या राहतात. अशा खोलीत स्नानगृहातील वाफ बाहेर पडत नाही, एसी बंद केला की तासाभरात गादीला कुबट वास येऊ लागतो आणि छताच्या कोपऱ्यात बुरशी धरते. दम्याचा त्रास असणाऱ्या व्यक्तीने अशी खोली अजिबात घेऊ नये.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो आगीचा प्रश्न. डिसेंबर 2024 च्या अखेरीस खाओ सान रस्त्याजवळील एका सहा मजली हॉटेलला लागलेल्या आगीत तीन परदेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. स्वस्त हॉटेल म्हणजे धोकादायक हॉटेल, असा अर्थ मी काढत नाही. परंतु जेथे एकच जिना आहे आणि खोलीला खिडकीही नाही, तेथे धूर भरल्यावर माणसाला जायला वाट राहत नाही. म्हणून मुलीला सांगावे की, खोलीत बॅग ठेवल्यावर फोन चार्जिंगला लावण्याच्याही आधी तिने बाहेर येऊन दुसरा जिना शोधावा, त्याचे दार खरोखर ढकलून उघडून पाहावे आणि आपल्या दारापासून तेथवर किती दारे लागतात ते मोजून ठेवावे, कारण धुरात दिवे दिसत नाहीत आणि हात भिंतीवरून फिरवतच जावे लागते. जिन्याच्या दाराला कुलूप असेल किंवा जिन्यात गाद्या आणि खोकी रचलेली असतील, तर तेथे एक रात्रही काढू नये, मग भरलेले पैसे बुडाले तरी चालतील. शक्यतो तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंतची खिडकीची खोली मागावी. दोन-अडीचशे बाथ जास्त पडतील. ते आपण तिला द्यावेत.

एकट्या मुलीसाठी केवळ महिलांची डॉर्मिटरी हाही चांगला पर्याय आहे. तेथे रात्रभर रिसेप्शनवर माणूस असतो का, हे विचारावे आणि लॉकरसाठी स्वतःचे लहान कुलूप न्यावे, कारण बहुतेक ठिकाणी लॉकर असतो पण कुलूप नसते. पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आहे. भारतीय दूतावास सुखुमवितच्या 23 क्रमांकाच्या सोईत आहे.

प्रश्न : आम्ही पाच जण आहोत. बरोबर सासूबाई असून त्या पूर्ण शाकाहारी आहेत. दोन हॉटेल खोल्यांच्या भाड्यात स्वयंपाकघर असलेला फ्लॅट चार दिवसांसाठी मिळतो आहे. घ्यावा का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : घेऊ नये. थायलंडच्या 2004 च्या हॉटेलविषयक कायद्यानुसार तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी जागा भाड्याने देण्यास हॉटेलचा परवाना लागतो, आणि निवासी संकुलातील सुट्या फ्लॅटकडे तो जवळजवळ कधीच नसतो. अनेक संकुलांच्या प्रवेशद्वाराशीच ‘रोजच्या भाड्याने देण्यास मनाई’ असे फलक लावलेले असतात. दंड मालकाला होतो हे खरे, पण रखवालदाराने आत सोडले नाही तर सामानासह रस्त्यावर उभे राहण्याची वेळ आपल्यावर येते, आणि तीही सासूबाईंसह. ‘सर्व्हिस अपार्टमेंट’ म्हणून परवाना घेतलेल्या इमारती वेगळ्या; त्यांत छोटे स्वयंपाकघर मिळू शकते.

हॉटेलच्या खोलीत इंडक्शन शेगडी लावू नये. धुराच्या सूचकामुळे गोंधळ होतो आणि अनामतही जाते. विजेची किटली मात्र बहुतेक खोल्यांत असते, आणि गरम पाण्यावर होणारे तयार पोहे, उपमा, वरण-भात घरून नेले तर सकाळचा प्रश्न सुटतो. दुपारसाठी प्रातुनाम भागात भारतीय खानावळी पुष्कळ आहेत. फाहुरात या जुन्या भारतीय बाजारात भारतीय पदार्थांची दुकाने आहेत आणि तेथील गुरुद्वाऱ्यात लंगरही असतो. सासूबाईंना स्थानिक पदार्थ चाखायचे असतील तर पिवळ्या पताकेवर लाल अक्षरे असलेली दुकाने शोधावीत. ती ‘जे’ पद्धतीच्या जेवणाची खूण असून त्यात मांस, मासे, अंडी नसतातच, कांदा-लसूणही नसतो. इतरत्र केवळ ‘भाजी’ सांगून भागत नाही, कारण परतलेल्या भाजीतही माशापासून केलेला सॉस घातलेला असतो.

प्रश्न : मागच्या सहलीत हॉटेलमधून ढेकूण घरी आले आणि ते घालवता घालवता सहा महिने गेले. खोलीत शिरताच काय तपासावे? (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : बॅगा प्रथम स्नानगृहाच्या फरशीवर ठेवाव्यात, पलंगावर किंवा गालिच्यावर नव्हे. नंतर उशीकडच्या कोपऱ्यातील चादर उचलून गादीची शिवण अंगठ्याने उलगडावी आणि मोबाईलचा दिवा तिरका धरून पाहावे. शाईच्या टाचणीएवढ्या ठिपक्यांसारखे काळे डाग, पिवळट कात किंवा चार-पाच मिलिमीटरचा चपटा तांबूस किडा, यांपैकी काहीही दिसले तर तेथेच थांबावे. पलंगामागच्या फळीची भिंतीकडची बाजू आणि तिच्या स्क्रूची भोकेही पाहावीत, कारण ढेकूण गादीइतकेच तेथे लपतात. गादी स्वच्छ दिसली तरी हा भाग वगळू नये.

खोली बदलून मागताना शेजारची, वरची किंवा खालची घेऊ नये. ढेकूण भिंतीतील फटींतून आणि वायरींच्या नळ्यांतून फिरतात. संशय राहिला तर निघण्यापूर्वी सर्व कपडे नाण्यांवर चालणाऱ्या लाँड्रीतील ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर फिरवावेत. अशी लाँड्री बँकॉकच्या गल्लोगल्ली असते आणि साठ अंशांच्या उष्णतेत अंडीही मरतात. फवाऱ्यावर फारसा भरवसा ठेवू नये, कारण नेहमीच्या कीटकनाशकांना ढेकूण मोठ्या प्रमाणात सरावले आहेत.

प्रश्न : बादली-मग मिळतो का? आपला चार्जर चालतो का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : बादली सहसा मिळत नाही, शॉवरच असतो, परंतु शौचालयात पाण्याची फवारणी करणारी नळी जवळजवळ सर्वत्र असते, त्यामुळे त्या बाबतीत अडचण येणार नाही. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे आणि दोन पिनांचा चार्जर बसतो. तीन जाड पिनांचा प्लग मात्र बसत नाही. त्यासाठी लहानसा अ‍ॅडॅप्टर पुण्यातूनच घेऊन जावा.